रिता मॅडमच्या अहवालातली बदली

रिता कापगते यांच्या अहवालाचा पहिला खर्डा त्यांच्या नवऱ्यानं नापास केला. कमलेशराव शेतकरी आहेत, बारावीपर्यंत शिकलेले, आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उलटं वाचत येतात. अहवालही त्यांनी तसाच शिफारशींपासून सुरू केला. सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खाटेवर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांनी सगळी पानं उलटली आणि म्हणाले, "चांगला आहे. पण हे लिहाले जपानले जायाची काय गरज होती? सानगडीत बसूनच लिहिणं झालं असतं."

"काहून? फोटो आहेत ना त्यात."

"फोटो चपलांच्या मांडणीचे आहेत."

ते खरं होतं. शिक्षकांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी राज्यभरातून जी मंडळी निवडली गेली, त्यात भंडारा जिल्ह्यातून रिता मॅडम एकट्याच होत्या. जपानी शाळेच्या दारात मुलं चपला काढून कप्प्यात ठेवतात, एकमेकांना जेवण वाढतात, स्वतः वर्ग झाडतात. दौऱ्यातल्या प्रत्येकानं त्याचे फोटो काढले आणि परत आल्यावर प्रत्येकाच्या अहवालात स्वच्छता, शिस्त, वक्तशीरपणा आणि पर्यावरण अशी चार प्रकरणं आली. त्यात खोटं काही नव्हतं. पण आधी वेगळ्या देशांत जाऊन आलेल्यांचे जुने अहवाल मॅडमनी नमुना म्हणून वाचले होते, आणि त्यांतही हीच चार प्रकरणं होती. देशाचं नाव झाकलं तर कोणता अहवाल कुठला हे ओळखता आलं नसतं.

कमलेशराव धानाची पोती मोजायला निघून गेले. मॅडम खर्डा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आपण एकच गोष्ट लिहायची टाळली आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

रिता मॅडम बावन्न वर्षांच्या आहेत. सानगडीपासून जवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवतात. आवाज बारीक, अक्षर मोठं. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत वर्गात साहेब आले, त्यांनी हजेरी पाहिली, खिचडी चाखून पाहिली, एखाद्या मुलाला पाढा विचारला आणि गाडीत बसून गेले. मॅडम कशा शिकवतात हे मागं बसून पाहिलेला एकही मोठा माणूस नव्हता. आपण बरं शिकवतो की वाईट, हे त्यांना मुलांच्या निकालावरून कळायचं, आणि निकाल तर सगळ्यांचेच बरे लागतात. हे आपल्याला कधीपासून खुपत होतं ते त्यांना जपानमध्ये कळलं.

दौऱ्याच्या शेवटाकडे त्यांना एका लहान गावच्या शाळेत नेलं होतं. एक तरुण शिक्षिका कागदाच्या पट्ट्या दुमडून अपूर्णांक शिकवत होती. वर्गाच्या मागच्या बाजूला त्या शाळेतले आणि शेजारच्या शाळेतले शिक्षक उभे होते. शिक्षिकेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एकेक जण दोन-तीन मुलांच्या पाठीशी थांबून त्यांचे हात आणि कागद पाहत होता. तास संपला, मुलं गेली आणि हे सगळे गोल बसले. दुभाषी बाई हिंदीतून सांगत होती. एक जण म्हणाला, खिडकीजवळच्या मुलीनं पट्टी तीन वेळा दुमडली आणि ती तिथंच अडकली. दुसरी म्हणाली, कोपऱ्यातल्या मुलाचं उत्तर बरोबर होतं, पण ते शेजाऱ्याचं पाहून. तुमचं इथं चुकलं, असं शिक्षिकेला कोणीही म्हणालं नाही. छान शिकवलंत, असंही म्हणालं नाही. पुढच्या खेपेला हे सगळे समोरच्या म्हाताऱ्या गुरुजींच्या वर्गात जाणार होते, त्यानंतर आणखी कोणाच्या.

"ही तं बदली आहे," रिता मॅडम मोठ्यानं बोलून गेल्या.

शेजारी बसलेले सांगलीकडचे गुरुजी दचकले. "कोणाची बदली?"

"काही नाही," त्या हसून म्हणाल्या. सांगलीच्या माणसाला ते समजावण्यात अर्थ नव्हता.

बदली हा त्यांच्या आईच्या, आनंदाबाईंच्या टोळीतला शब्द. रिता मॅडमचं लहानपण ज्या आळीत गेलं तिथं रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, मजूर लावायची ऐपत मोजक्या घरांची होती. बाकीच्या बायका मिळून रोवणा करायच्या. आज शकुनबाईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या देवकाबाईच्या, परवा आनंदाबाईच्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. याला त्या म्हणायच्या, बदलीनं रोवणा. सुट्टीच्या दिवशी लहान रिता उपटलेल्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, जुड्या डोक्यावरून नेऊन चिखलात फेकायची, आणि बायका वाकून, एकेक पाऊल मागं घेत, धानाची रोपं लावत जायच्या. प्रत्येकीची एक पात, म्हणजे एक पट्टा.

दिवस मावळताना बोडीच्या तळ्यावर हातपाय धुऊन सगळ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या राहायच्या आणि लावलेली बांधी पाहायच्या. "कसा दिसते जी?" जिची बांधी ती विचारायची. मग एकेक बाई बोले. ही पात तिकडं कलली. इथं दाट झाला, याले हवा नाही लागनार. तिकडं रोपं तरंगून राहिली, सकाळी पाहा लागते. कोणाची पात कोणती हे सगळ्यांना माहीत असायचं, पण नाव निघत नसे. एकदा रितानं बोट दाखवून मोठ्यानं सांगितलं होतं, "ते वाकडं शकुनमावशीचं आहे!" आनंदाबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "पातीले नाव नसते. गपचूप राय." दुसऱ्या दिवशी देवकाबाईच्या बांधीत मात्र शकुनबाईची पात सुतासारखी सरळ गेली, हे रितानं पाहिलं होतं.

आता ती बदली राहिली नाही. रोवणा ठेक्यानं जातो. गाडीभर बायका येतात, एकरी भाव ठरतो, संध्याकाळी धुऱ्यावर थांबायला कोणाला सवड नसते. काही शेतांत यंत्र चालतं, आणि त्याच्या ओळी आनंदाबाईंच्या ओळींपेक्षा सरळ असतात. आनंदाबाई ऐंशीच्या घरात आहेत. लेक जुने दिवस काढायला लागली की म्हणतात, "बरं झालं गेली ते बदली. कंबर वाचली."

मॅडमनी पहिला खर्डा बाजूला ठेवला आणि नवा लिहायला घेतला. चपलांची मांडणी एका ओळीत आटोपली. बाकी पानं त्या एका तासावर आणि त्यानंतरच्या बैठकीवर. त्यांना एकच हवं होतं. निवृत्त होण्याआधी आपल्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांत, शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावं, आणि आपल्याही वर्गात कोणीतरी बसावं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत अहवाल वाचायला एक तास मिळणार होता. तो वाया गेला तर दुसरी संधी नव्हती. म्हणून त्यांनी विचार करून, ठळक अक्षरात, पहिली शिफारस लिहिली: केंद्रातील सर्व शिक्षकांनी वर्षातून किमान दोनदा बदलीने शिकवावे. बदली म्हणजे काय, ते पुढच्या पानावर होतं.

शुद्धलेखन पाहायला म्हणून त्यांनी कागद शाळेतले सहकारी हेमराज गहाणे यांना दिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते शिफारशीचं पान झळकलं. पुढचं पान नव्हतं. ज्या खात्यात माणसं वर्षभर बदलीच्या याद्यांवर डोळे लावून बसतात, नवराबायको दोन टोकांच्या तालुक्यांत राहून नोकरी काढतात, तिथं हा शब्द कसा वाचला गेला हे सांगायला नको.

"मॅडम जपानले गेल्या अन् आमच्या बदल्या घेऊन आल्या."

"वर्षातून दोनदा? बिस्तरा गाडीवरच बांधून ठेवू काय?"

"आधी मॅडमले नाकाडोंगरीले पाठवा. मग पाहू." नाकाडोंगरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलाच्या कडेला.

शिक्षक संघटनेचे भैय्याजी लेखी निषेधाची भाषा करू लागले. हेमराज सर हातातला डबा तसाच धरून मॅडमसमोर येऊन उभे राहिले.

"मी तं फक्त शुद्धलेखनासाठी पाठवला होता, मॅडम."

"कोनाले?"

"पलीकडच्या शाळेतल्या इश्वरले. त्याचं मराठी चांगलं आहे ना."

"अन् दुसरं पान?"

"त्यात चुका नव्हत्या."

मॅडमना रागही आला आणि हसूही. संध्याकाळी केंद्रप्रमुख पुंडलिकराव यांनी बोलावून घेतलं. पुंडलिकराव सालस गृहस्थ, निवृत्तीला आलेले, कोणाशी वाईटपणा न घेता उरलेले महिने काढायचे एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, तुमचं म्हननं मले समजलं. पण शब्द बदला. 'परस्पर वर्गनिरीक्षण' लिहा. वरही चालते, खालीही चालते."

"खाली नाही चालत, सर. निरीक्षण म्हटलं का लोक टाचणवही पूर्ण करत बसतात. पोरांले नखं कापून आना म्हनतात. उत्तर येणाऱ्या पोरांले पुढं बसवतात. माझंही तेच चालते."

पुंडलिकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. तेही आयुष्यभर निरीक्षणच करत आले होते.

"मग परिषदेत तुम्हीच समजावून सांगा," ते म्हणाले. "पन लोक तापून आहेत. फाडून खातील."

"खाऊ द्या. पण तास मले पूर्ण पायजे."

परिषद शनिवारी होती. बाहेर धान निघालेल्या बांध्यांत लाखोरीचं कडधान्य वर आलं होतं. शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर पन्नासेक शिक्षक बसले होते. मॅडम उभ्या राहिल्या तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, माझी ऑर्डर आनली काय?" आणि खोली हसली.

मॅडमनी कागद उघडलाच नाही. "ज्यांच्या घरी बदलीनं रोवणा झाला आहे त्यांनी हात वर करा," त्या म्हणाल्या.

एक हात वर आला, मग चार, मग आणखी काही. सगळे चाळिशीच्या पुढचे. मॅडमनी जपानमधला तास सांगितला आणि लगेच धुऱ्यावरचं पाहणं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकच कशा, हे फार उकलावं लागलं नाही. निवृत्तीला टेकलेल्या ललिताबाई तर बसल्या जागेवरून बोलू लागल्या, "आमच्याकडं दोन टोळ्या होत्या जी. कोनती टोळी आधी कोनाकडं जाणार, याच्यावरून असं भांडण व्हायचं का विचारू नका." मग दुसऱ्याला आठवलं, त्याची आजी चिखलात उभी राहून गाणं सांगायची आणि बाकीच्या झेलायच्या. तिसऱ्याला दुपारच्या शिदोरीतली आंबाडीची भाजी आठवली. भैय्याजींनाही आठवलं. बोडीत पाय घसरून ते पडले होते आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. लोक मोकळे झाले. निषेध कुठल्या कुठे गेला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, नुसता रोवणा चालला.

मॅडम उभ्याच होत्या. सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. नंतर त्यांनी घड्याळ पाहिलं. वर्गाबद्दल कोणीच बोलत नव्हतं. सगळे चिखलात रमले होते, आणि तिथून परत यायची कोणाला घाई नव्हती. त्यांनीच तर नेलं होतं.

शेवटी भैय्याजी उठले. "मॅडम, गैरसमज झाला होता, तो दूर झाला. जुने दिवस आठवले, फार छान वाटलं. अहवाल आपण टाळ्यांच्या गजरात मंजूर करू."

टाळ्या सुरू झाल्या. पुंडलिकरावांचा चेहरा खुलला. जुने अहवालही असेच मंजूर झाले असणार, हे मॅडमच्या ध्यानात आलं.

"मंजूर नका करू," त्या म्हणाल्या. बारीक आवाज टाळ्यांत बुडाला, म्हणून पुन्हा म्हणाल्या. टाळ्या विस्कळीत होऊन थांबल्या. "गुरुवारी, तिसऱ्या तासाले, माझ्या वर्गात या. ज्याले जमते त्यानं."

"काय शिकवणार?" इश्वर सरांनी विचारलं. तिशीतला, हुशार, ग्रुपवर सगळ्यात तिखट लिहिणारा माणूस.

"अपूर्णांकांची बेरीज. मले ते नीट शिकवता येत नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. शिक्षकांच्या बैठकीत असं वाक्य कोणी म्हणत नाही.

गुरुवारी कोणी येईल असं मॅडमना वाटत नव्हतं. हेमराज सर शाळेतलेच, त्यांना सुटका नव्हती. पण तिसऱ्या तासाच्या आधी ललिताबाई मुलाच्या गाडीवरून उतरल्या, आणि घंटा होता होता इश्वर सरांची मोटारसायकल आत आली. तिघं मागं जाऊन मुलांमध्ये खाली बसले. मॅडमनी फळ्यावर बेरीज मांडली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. त्यांनी दोरीचे तुकडे केले, छेद समान केले, पुढच्या रांगेतून बरोबर उत्तर आलं, त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. नेहमीसारखाच तास झाला.

मुलं खेळायला गेल्यावर चौघं रिकाम्या वर्गात टाटपट्टीवर बसले.

"छान झालं," हेमराज सर म्हणाले.

"छान म्हनाचं नाही, मॅडमनं जपानचं सांगितलं ना," ललिताबाई म्हणाल्या. मग त्यांनीच सुरुवात केली. त्यांच्या जवळच्या दोन मुलांना दोरी दिसलीच नव्हती, ती पुढच्यांच्या डोक्यामागे गेली होती.

इश्वर सर हातातल्या कागदाकडे पाहत होते. "माझ्याजवळ गुड्डी म्हणून मुलगी होती. तिनं वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले. दोन पंचमांश. तुम्ही फळ्यावर पाच षष्ठांश लिहिलं, तसं तिनं स्वतःचं खोडलं आणि ते उतरवलं. आता वही पाहाल तर बरोबर आहे. अशी आणखी तीन पोरं."

ती मुलगी तशीच आहे, लक्षच देत नाही, असं मॅडमच्या ओठांवर आलं होतं. खोडून सुधारलेल्या किती वह्यांवर आपण लाल शाईनं बरोबरच्या खुणा केल्या असतील, याचा त्या विचार करत होत्या. सत्तावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं होतं, आणि ते झोंबलं होतं.

"दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा कमी असते ना," हेमराज सर सावकाश म्हणाले. "अर्ध्यात भर घातली, तं कमी कसं झालं? तिलेच विचारा लागत होतं."

शुक्रवारी मॅडमनी फळ्यावर गुड्डीचं उत्तर लिहिलं, नाव न घेता, आणि तेच विचारलं. वर्गात इतका गलका झाला की शेजारच्या वर्गातून हेमराज सर डोकावून गेले.

अहवाल मुदत उलटून गेल्यावर सादर झाला. त्यात गुरुवारचा आणि शुक्रवारचा तास जसाच्या तसा होता, हेमराज सरांच्या प्रश्नासकट. वरच्या कार्यालयाच्या प्रतीत पुंडलिकरावांनी शब्द बदलून 'सहकारी पाठ-अभ्यास' केला. केंद्रातल्या शाळांना ज्या प्रती गेल्या, त्यांत बदलीच राहू दिली. भैय्याजींनी ती वाचली की नाही, ठाऊक नाही. पन्नासातल्या बहुतेकांनी वाचली नसावी.

इश्वर सरांनी मात्र पुढच्याच सोमवारी बोलावलं. फोनवर म्हणाले, "चौथीचा मराठीचा तास आहे. माझा पक्का विषय आहे, मॅडम. तुम्हाले फार काही सापडणार नाही."

मॅडम ललिताबाईंना स्कूटीवर मागं बसवून गेल्या. नोकरीत पहिल्यांदाच त्या दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसत होत्या. मागून वर्ग लांबलचक दिसतो, आणि फळ्याजवळचा माणूस लहान, हे त्यांना माहीत नव्हतं. इश्वर सर खरोखरच छान बोलत होते. आवडत्या प्राण्याबद्दल पाच वाक्यं लिहा, त्यांनी सांगितलं. मॅडमनी त्यांच्यावरून नजर काढली आणि भिंतीकडेच्या मुलाच्या वहीत पाहिलं.

त्यानं लगेच सुरुवात केली होती. आमची म्हैस मले पाहून हंबरते. मग पेन्सिल थांबली. त्यानं फळ्याजवळच्या सरांकडे पाहिलं, रबर घेऊन घरच्या बोलीतलं 'मले' खोडलं, तिथं 'मला' लिहिलं. खोडताना कागद थोडा फाटला. त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही. बाकीच्या वह्या भरत गेल्या. तो बोटानं फाटलेली जागा चेपत बसला होता.

मॅडमनी आपल्या कागदावर तेवढंच लिहून घेतलं: मले खोडलं, मला लिहिलं, पुढं काही नाही. हे इश्वर सरांना सांगायचं कसं, याची जुळवाजुळव त्या मनात करत होत्या, तोच घंटा झाली.